विद्येचे ऋण आणि बँकेचे ऋण



कीर्तन संपते, आरती होते, कपाळी बुक्का लावून मंडळी आपापल्या घरी जातात, आणि मंडपात जे दोन-चार जण रेंगाळतात त्यांच्याबरोबर कीर्तनकाराचे दुसरे कीर्तन सुरू होते. पहिल्या कीर्तनात आम्ही बोलतो आणि लोक ऐकतात. दुसऱ्यात लोक बोलतात आणि आम्हाला ऐकावे लागते. खरे सांगायचे तर हे दुसरेच अवघड. तिथे टाळ-मृदंगाचा आधार नसतो आणि पाठांतर कामी येत नाही.

गेल्या ज्येष्ठात एका सप्ताहाच्या शेवटच्या रात्री असेच झाले. आमच्या दिंडीचे जुने वीणेकरी आबा खांबाला टेकून बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा, आणि थोडे मागे अंधारात नातू. आबा म्हणाले, "महाराज, पोरगं बारावी झालं. इंजिनिअरिंगला घालायचं म्हणतोय बाप. चार वर्षांचे मिळून दहा लाख होतात. बँक द्यायला तयार आहे, पण राहतं घर तारण मागतीय. तुम्ही सांगा, सही करू का नको?"

मुलाचा बाप लगेच म्हणाला, "महाराज, शिकला तर सुटंल. आमच्यासारखं पाण्याच्या पाळीची वाट बघत रात्र काढायला नको."

नातू काहीच बोलला नाही. तो सुट्टीत तालुक्याच्या गावी मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला जात असे. दुकानाचा मालक त्याला ठेवून घ्यायला तयार होता.

आम्ही त्या रात्री उत्तर दिले नाही. "सकाळी बोलू," म्हणालो. ते टाळण्यासाठी नव्हे. या प्रश्नाचे उत्तर आम्ही पूर्वी एकदा फार चटकन दिले होते, आणि ते आम्हाला अजून टोचते आहे. ती गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी एका शेतकऱ्याने आम्हाला हाच प्रश्न भर मंडपात विचारला. आम्ही तेव्हा जोशात होतो. आम्ही सांगून टाकले, "अहो, विद्येसाठी काढलेले कर्ज हे कर्जच नव्हे, ते बी-भरण आहे!" मंडपात टाळ्या पडल्या. त्या गृहस्थाने कर्ज काढले. मुलगा शिकला, पदवी मिळाली, परंतु जे शिकला त्यातली नोकरी मिळेना. मिळाली ती अशी की हप्ता भरावा तर जेवणाखाण्याला उरेना. शेवटी बापाने एक एकर विकून बँक मोकळी केली. दोन वर्षांपूर्वी वारीत वाल्ह्याच्या मुक्कामी तो गृहस्थ भेटला. आम्ही खाली मान घालून विचारपूस केली. तो म्हणाला, "महाराज, तुमचा काय दोष? तुम्ही चांगलंच सांगितलं होतं. हिशोब आमचा चुकला." त्याने शिवी दिली असती तर बरे झाले असते. हिशोब त्याचा चुकला नव्हता. आम्ही हिशोब न करताच बोललो होतो, आणि आमचे बोलणे टाळ्यांसाठी होते.

म्हणून या वेळी शास्त्राची रीत धरून चालू. आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा. तो दुबळा करून मांडायचा नाही.

पहिला पक्ष बापाचा. शिक्षणाने माणूस सुटतो, हे म्हणणे खोटे नाही. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. ती शिष्यवृत्तीही बिनशर्त नव्हती. परत येऊन संस्थानची चाकरी करण्याचा करार होता, म्हणजे तेही एक प्रकारचे ऋणच. पुढे लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला, तेव्हा त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य आणि मित्राची मदत घेतली आणि १९२० साली पुन्हा लंडनला जाऊन अभ्यास पुरा केला. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पाटीला हात लावू दिला नाही त्याने "शिकू नको, काम कर" हा उपदेश ऐकून घ्यावा, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आमच्यातले काही वक्ते सांगतात की सावता माळ्याने मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही, नरहरी सोनारांनी पेटी सोडली नाही, तेव्हा ज्याने त्याने आपल्या धंद्यात राहावे. संतांच्या चरित्राचा हा दुरुपयोग आहे. काम करता करता देव भेटतो हे त्यांनी दाखवले. कुणाला कामाशी बांधून ठेवा असे त्यांनी सांगितले नाही. चोखोबांच्या वाट्याला जे काम आले ते त्यांनी निवडले नव्हते.

दुसरा पक्ष दुकानाच्या मालकाचा. तो म्हणतो, चार वर्षांत पोरगा माझ्याकडे कारागीर होईल, हाती पैसा येईल, डोक्यावर कर्ज नसेल. कॉलेजात गेला तर चार वर्षांनी डोक्यावर कर्ज आणि हाती कागद. हेही खोटे नाही. सरकारच्या श्रमबळ पाहणीत वर्षानुवर्षे दिसते की बेकारीचे प्रमाण निरक्षरांपेक्षा पदवीधरांत अधिक आहे. मात्र त्या आकड्याचा अर्थ जपून लावला पाहिजे. निरक्षर माणसाला रिकामे बसणे परवडत नाही. तो मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर धरतो आणि पाहणीत कामकरी म्हणून नोंदला जातो. पदवीधर वाट पाहतो, आणि घरचे त्याला वाट पाहू देतात. तेव्हा पदवी वाया जाते असे यातून सिद्ध होत नाही. पदवी नोकरीची हमी देत नाही, एवढेच सिद्ध होते. परंतु बँकेचा हप्ता मात्र हमीने येतो. या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत घरे पडतात.

दोन्ही पक्ष खरे असले म्हणजे प्रश्नच चुकीच्या जागी विचारला गेला असे समजावे, असे आमचे गुरुजी सांगत. "कॉलेज की काम" हा प्रश्न वरवरचा आहे. खालचा प्रश्न ऋणाचा आहे: हे ऋण कशासाठी, कोणाच्या सहीचे, आणि कोण फेडणार?

आपल्या परंपरेत माणूस जन्मतो तोच तीन ऋणे घेऊन: देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. यांपैकी ऋषिऋण फिटते ते अध्ययनाने. पाहा, काय मौजेची गोष्ट आहे! जुन्या विचारात शिकणे म्हणजे ऋण फेडणे होते. आता शिकणे म्हणजे ऋण काढणे झाले आहे. जुने सगळे चांगले होते असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही स्वतः पाठशाळेत शिकलो तेव्हा फी नव्हती, दुपारी झोळी घेऊन माधुकरी मागत होतो. आळंदीला विद्यार्थी आजही मागतात. पुष्कळ वर्षे आम्ही अभिमानाने सांगत असू की आमच्या शिक्षणाला एक पैचे कर्ज झाले नाही. ते खोटे होते. ज्या आयाबहिणींनी आपल्या पोरांच्या ताटातली भाकरी काढून आमच्या झोळीत घातली त्यांचे ते कर्जच होते. फक्त त्याला हप्ता नव्हता, व्याज नव्हते आणि घराला कुलूप लागण्याची भीती नव्हती. फुकटची विद्या जगात नाही. कोणी ना कोणी तिचे मोल भरतो. प्रश्न एवढाच की ते मोल भरणारा कोण, आणि त्याला ते झेपते का.

कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कौत्साची कथा सांगितली आहे. विद्यार्थ्याच्या कर्जाची याहून जुनी आणि याहून मार्मिक कथा आम्हाला ठाऊक नाही. वरतंतू ऋषींचा हा शिष्य. अध्ययन संपले तेव्हा त्याने गुरुदक्षिणा विचारली. गुरू म्हणाले, तुझी सेवा हीच मला दक्षिणा पोचली. खरे म्हणजे तिथे हिशोब पुरा झाला होता. परंतु कौत्साने पुन:पुन्हा आग्रह धरला. तेव्हा गुरूंना राग आला आणि शिष्याच्या दारिद्र्याचा विचार न करता त्यांनी सांगितले, चौदा विद्या शिकलास, चौदा कोटी आण! विद्येमागे एक कोटी. कौत्स रघुराजाकडे गेला, तर रघूने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले. अतिथीचे अर्घ्य त्याने मातीच्या भांड्यातून आणले. ते भांडे पाहूनच कौत्स समजला आणि परत फिरू लागला. पुढे कुबेराने रघूच्या कोठारात सोने पाडले. रघू म्हणे, सगळे घेऊन जा. कौत्स म्हणे, गुरूला देणे आहे त्याहून एक नाणेही नको. साकेताच्या लोकांनी दोघांनाही धन्य म्हटले.

कीर्तनात ही कथा आम्ही रघूच्या दानासाठी सांगत आलो. आबांच्या प्रश्नाने त्या रात्री झोप लागेना तेव्हा आम्हाला कौत्साच्या बाजूने ती दिसली. पहिली गोष्ट: त्याचे कर्ज विद्येचे नव्हते. विद्या त्याला सेवेच्या मोबदल्यात मिळून चुकली होती. कर्ज झाले ते आग्रहापायी, "मी दक्षिणा दिली" असे म्हणवून घेण्याच्या हौसेपायी. दुसरी: दात्याच्या हाती मातीचे भांडे दिसताच तो मागे वळला, ज्याच्याकडे नाही त्याच्यावर त्याने आपला भार टाकला नाही. तिसरी: समोर ढीग पडला असताही देणे होते तेवढेच त्याने घेतले. या तीन गोष्टींत आमच्या आबांच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हाला वाटते. विद्येचे ऋण वेगळे आणि मानाचे ऋण वेगळे. विद्येचे ऋण फिटते. मानाचे फिटत नाही, कारण मान कधी पुरेसा होत नाही.

आता सहीचा विचार. याज्ञवल्क्यस्मृतीची व्यवस्था अशी की बापाचे न्याय्य कर्ज मुलाने फेडावे. परंतु मुलाने केलेले कर्ज बापाने फेडावे असे बंधन नाही, कुटुंबासाठी केले असेल तर गोष्ट वेगळी. आज बँकेच्या कागदावर मुलाबरोबर आईबाप सहकर्जदार म्हणून सही करतात. मुलाला पगार नसतो, तेव्हा बँकेने असे करणे समजण्यासारखे आहे. तिच्याजवळचा पैसाही ठेवीदारांचाच. परंतु सही करणाऱ्याला हे स्पष्ट कळले पाहिजे की आपण आशीर्वाद देत नसून कर्ज काढतो आहोत. शिक्षणकर्जाच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागू नये अशी सरकारी हमीची सोय २०१५ पासून आहे. त्यावर गेले की घर, जागा, ठेव यांची मागणी होते. आबांच्या घराचा प्रश्न तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळाच्या ओट्यावर वही घेऊन बसलो. नाथमहाराजांची कथा आपण सर्व जाणता: देवगडावर जनार्दनस्वामींकडे हिशोब लिहिताना एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्रभर बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. हिशोब हा परमार्थाचा शत्रू आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही कथा आठवावी. नातवालाच आम्ही लेखणी दिली.

दर वर्षी अडीच लाख, अशी चार वर्षे. एकूण दहा लाख. व्याज दर साल दर शेकडा दहा धरले. शिकत असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, याला लोक सवलत म्हणतात. परंतु व्याज थांबत नाही. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चारचे, तिसऱ्यावर तीनचे, चौथ्यावर दोनचे. सरळ व्याजाने ते साडेतीन लाख झाले. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशीच देणे साडेतेरा लाख! दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे १७,८४०. आणि पहिल्या हप्त्यातले ११,२५० नुसते व्याजात जातात. दहा वर्षांत एकूण भरणा सुमारे २१ लाख ४० हजार. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता सुमारे १४,५०० वर येतो, पण एकूण भरणा २६ लाखांच्या वर जातो. उलट शिकत असतानाच व्याज भरत गेले तर दहा वर्षांच्या हिशोबात दोन लाखांच्या वर वाचतात. मुलगा लिहीत होता आणि बाप त्याच्या खांद्यावरून बघत होता. पहिल्या नोकरीत हाती वीस हजार आले तर हप्ता जाऊन एकवीसशे साठ उरतात, हे मुलाने स्वतःच काढले आणि लेखणी खाली ठेवली.

बाप म्हणाला, "पण महाराज, सरकार माफ करतंय की कधीमधी. तुकोबांनी नाही का कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडवले?"

वाचकहो, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून त्याचे उत्तर नीट ध्यानात घ्यावे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती. त्यांनी बुडवली ती खते लोकांकडून आपल्याला येणे होते त्याची, आपण लोकांना देणे होतो त्याची नव्हे. तीदेखील फक्त आपल्या वाटणीची. धाकट्या भावाच्या वाटणीचे कागद त्यांनी त्याच्या हवाली केले. येणे सोडणे हे वैराग्य. देणे बुडवणे हा वेगळा प्रकार आहे. कर्ज काढतानाच माफीची आशा धरणे म्हणजे खोट्या मनाने सही करणे. ज्याला खरोखर भरणे अशक्य झाले त्याने बँकेत उजळ माथ्याने जाऊन मुदत मागावी, त्यात पाप नाही. पण आरंभीच मनात माफी ठेवू नये.

मग आम्ही बापाला आणि आबांना चहा घ्यायला पाठवले आणि मुलाला एकटे धरले. आतापर्यंत त्याला कोणी काही विचारलेच नव्हते. आम्ही म्हटले, "तुला काय व्हायचंय ते सांगू नको. तुला काय जाणून घ्यायचंय ते सांग."

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दुकानात जळालेली मोटार येते. आम्ही जुनी तार काढतो, नवी भरतो, वार्निश लावून वाळवतो. ती चालते. पण त्याच विहिरीवरची मोटार सहा महिन्यांनी पुन्हा जळून येते. मालकांना विचारलं का जळते, तर म्हणतात व्होल्टेज कमी पडतं. कमी पडलं तर तार का जळावी? कमी आलं तर उलट थंड राहायला पाहिजे ना? ते मला कळत नाही."

आमचे संस्कृत अध्ययन येथे काही उपयोगाचे नव्हते. मोटार का जळते हे आम्हालाही ठाऊक नाही. परंतु जिज्ञासा कशाला म्हणतात हे ओळखण्याइतके गुरुकृपेने आम्ही शिकलो आहोत. हा मुलगा नुसत्या कामाने तृप्त होणारा नव्हता. त्याला शास्त्र हवे होते. तसेच, "गावात इंजिनिअर म्हणवून घ्यावे" ही ओढही त्याच्या बोलण्यात कुठे दिसली नाही. ती ओढ बापाची होती, आणि तीही दुष्टपणाने नव्हे. आयुष्यभर कचेरीच्या पायरीवर ताटकळलेल्या माणसाची ती ओढ होती. पण त्या ओढीसाठी घर तारण ठेवायचे, तर ते मानाचे ऋण.

मग तिसरा रस्ता शोधू लागलो, आणि थोडी चौकशी केल्यावर तो जुनाच निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले, आणि "कमवा आणि शिका" हा मंत्र गरिबांच्या पोरांना दिला. मुले शेतात राबत, आपले अन्न आपण शिजवत आणि शिकत. त्या बोर्डिंगसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. पाहा, मोल तेथेही कोणी तरी भरलेच. परंतु ते जाणून-बुजून, मोकळ्या मनाने भरले, आणि मुलांनी घामाने त्यात भर घातली.

आज तो मंत्र सरकारी कागदांत निरनिराळ्या नावांनी पसरला आहे, पण आमच्या गावोगावच्या बापांना त्याची वार्ता नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्या राज्यात बारावी विज्ञान झालेल्या किंवा दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला पदविकेच्या, म्हणजे डिप्लोमाच्या, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आणि डिप्लोमा झाल्यावर पुढे इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. शासकीय तंत्रनिकेतनाची फी खाजगी महाविद्यालयाच्या मानाने फारच थोडी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात शिकताना विद्यावेतन मिळते. नोकरी सांभाळून पदवी घ्यायची तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी २०२४-२५ सालापासून राज्य शासन भरते. मात्र प्रवेश सरकारी प्रक्रियेतून झाला पाहिजे, व्यवस्थापनाच्या कोट्यातून नव्हे. मुलासाठी घर तारण ठेवणारा बाप मुलीला मात्र "जवळच्या कॉलेजात बी. ए. कर" म्हणतो, हे आम्ही फार पाहिले. त्या बापांनी तरी ही ओळ दोनदा वाचावी. आणि कर्ज घ्यावेच लागले, तर साडेचार लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरांना मान्यताप्राप्त तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सवलतीच्या काळातील व्याज केंद्र सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या विद्यालक्ष्मी योजनेत निवडक नामांकित संस्थांसाठी बिनतारण कर्ज मिळते. अटी वाचाव्यात, वाचता येत नसतील तर मुलीकडून वाचून घ्याव्यात, आणि दलालाच्या दारी जाऊ नये.

आता सिद्धान्त सांगतो. शिकण्यासाठी कर्ज काढू नये असे आम्ही म्हणत नाही. ज्याला जे जाणायचे आहे ते जाणण्याचा दुसरा रस्ताच नसेल, तर कर्ज काढावे आणि ताठ मानेने फेडावे. परंतु सहीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. मुलाला विचारावे, गावात कोणाला कळणार नसेल तरी हे शिकशील का? "हो" आले तर ते विद्येचे ऋण. हप्त्याचा आकडा मुलाच्या हातून काढून घ्यावा आणि त्या शिक्षणाने साधारण काय मिळकत होते ते त्याच कॉलेजातून चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार मुलांना विचारावे. कॉलेजच्या जाहिरातीला विचारू नये. आणि तिसरे, नोकरी लागली नाही तर घराचे छप्पर राहते का, ते पाहावे. कौत्साला मातीचे भांडे दिसले. आपल्याच घरातले मातीचे भांडे आपल्याला दिसू नये काय?

कोणी म्हणेल, ही व्यवहाराची गोष्ट झाली, यात धर्म कुठे आला? धर्म येथेच आहे. बापाने मानाच्या ऋणात का पडावे? कारण आम्ही त्याला तसे शिकवले. हे आम्हाला आमच्याच तोंडाने कबूल केले पाहिजे. दर सप्ताहात गुणवंतांचा सत्कार होतो. शाल कोणाला? डॉक्टर झाला त्याला, इंजिनिअर झाला त्याला, परदेशी गेला त्याला. नारळ आमच्या हस्ते दिला जातो. पालखीच्या वाटेवर दिंडीचा ट्रक बंद पडतो तेव्हा रात्री दोन वाजता चिखलात झोपून जो तो सुरू करतो त्याला आम्ही कधी शाल दिली? मंडपाचे दिवे लावणाऱ्या वायरमनचे नाव आम्हाला ठाऊक नसते. शिंपी नामदेव आणि न्हावी सेना यांचे नाव घेऊन कीर्तन करायचे, आणि आजच्या शिंप्याला, न्हाव्याला, गवंड्याला मंडपाच्या कडेला बसवायचे! कामाला मान नाही म्हणून पोरे कामाला लाजतात. लाजतात म्हणून बाप कर्ज काढतात. त्या दहा लाखांपैकी काही लाख तरी आमच्या शालीचे आहेत.

म्हणून गावोगावच्या सप्ताह कमिट्यांना आमची हात जोडून विनंती आहे. पुढल्या सत्काराला तीन शाली ठेवा. एक शिकलेल्याला द्या, ती जरूर द्या. दुसरी, ज्याने कारागिरी शिकून चार पोरांना शिकवली त्याला. आणि तिसरी, ज्याने आपले शिक्षणाचे कर्ज कोणाला न बुडवता फेडले त्याला आणि त्याच्याबरोबर सही करणाऱ्या आईबापांना. आमच्या त्या पंधरा वर्षांपूर्वीच्या गृहस्थाने एकर विकून बँक मोकळी केली. त्याला ती शाल आम्ही स्वतः नेऊन देणार आहोत. त्याने घेतली तर आमचे भाग्य.

आबांच्या नातवाने शासकीय तंत्रनिकेतनात विद्युत शाखेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. घर तारण पडले नाही. सुट्टीच्या दिवशी तो रिवायंडिंगच्या दुकानात जातो आणि आपला खर्च बराचसा आपणच भागवतो. बाप अजून पुरता राजी नाही. इंजिनिअरिंगचे राहून गेले याची रुखरुख त्याला आहे, आणि उद्या तो चुकला की आम्ही, हे काळच ठरवील. यापुढे टाळ्यांसाठी भविष्य सांगायचे नाही असे आम्ही ठरवले आहे.

कार्तिकीला मुलगा आबांबरोबर आला होता. पाया पडून उठला आणि म्हणाला, "महाराज, कळलं मोटार का जळते. ताण कमी पडला तरी तिला पाणी तेवढंच उपसायचं असतं, मग ती जास्त करंट ओढते, आणि त्यानं तापते."

आम्ही म्हटले, "बाळ, माणसाचंही तसंच असतं. अंगात ताकद कमी आणि ओझं तेवढंच, म्हणजे आतून जळायचं. तुझ्या बापाला हे सांगितलंस का?"

तो हसला. म्हणाला, "आबांना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या कीर्तनात महाराज हे घेतील बघ."

आबा आम्हाला चांगले ओळखतात. घेतले.

रामकृष्णहरि.